सांडपाणी, कचरा आणि सार्वजनिक आरोग्य: या क्षेत्रातील समभाग कसे पारखावेत

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालात चार आकडे आहेत आणि या क्षेत्रात पैसे गुंतवू पाहणाऱ्याने ते चारही एकत्र वाचले पाहिजेत. भारतातील शहरांत दररोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते. ते शुद्ध करण्यासाठी उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर आहे. त्यांपैकी चालू स्थितीतील क्षमता २६,८६९ दशलक्ष लिटर आहे. आणि प्रत्यक्षात शुद्ध होणारे पाणी २०,२३५ दशलक्ष लिटर आहे. बहुतेक गुंतवणूकदार पहिले दोन आकडे पाहतात, निम्म्याहून अधिक काम अजून बाकी आहे असे म्हणतात आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रे बांधणाऱ्या एखाद्या कंपनीचे समभाग घेतात. मात्र दुसऱ्या आणि चौथ्या आकड्यांमध्ये सुमारे ११,६०० दशलक्ष लिटरचे जे अंतर आहे, तेच गुंतवणुकीच्या दृष्टीने जास्त बोलके आहे. बांधून झालेली केंद्रेही पूर्ण क्षमतेने चालत नाहीत, कारण कुठे घराघरांतून येणाऱ्या मलवाहिन्या केंद्रापर्यंत पोहोचलेल्या नसतात, तर कुठे वीजबिल, रसायने आणि देखभाल यांच्यासाठी नगरपालिकेच्या तिजोरीत पैसे नसतात. गरज प्रचंड आहे याबद्दल दुमत नाही. त्या गरजेचे पैसे वेळेवर कोण देणार, हा या क्षेत्रातील मूळ प्रश्न आहे आणि पुढील सगळी तपासणी त्याच प्रश्नाभोवती बांधलेली आहे.

खाली काही सूचिबद्ध कंपन्यांची नावे येतील, ती केवळ व्यवसायाचा प्रकार समजावा म्हणून दिली आहेत; ती खरेदीची शिफारस नाही. मोठी रक्कम गुंतवण्यापूर्वी सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराशी बोलावे.

ग्राहक कोण आहे, ते आधी ठरवा

एकाच क्षेत्राच्या नावाखाली बाजारात अगदी वेगवेगळ्या स्वभावाचे धंदे एकत्र मोजले जातात. व्हीए टेक वाबाग, ईएमएस, एन्व्हायरो इन्फ्रा यांसारख्या कंपन्या पाणी व सांडपाणी प्रकल्प उभारतात आणि त्यांचे मोठे ग्राहक म्हणजे महापालिका, राज्यांची पाणीपुरवठा मंडळे व सरकारी महामंडळे. अँटनी वेस्ट हँडलिंग सेल ही ठाण्याची कंपनी शहरांचा कचरा उचलते, वाहून नेते आणि त्यावर प्रक्रिया करते. तिचाही ग्राहक मुख्यतः महापालिकाच. आयन एक्सचेंज किंवा पुण्याची थरमॅक्स यांच्या उत्पन्नात कारखान्यांचा वाटा मोठा असतो. कारखान्याला प्रदूषण मंडळाची परवानगी टिकवायची असते आणि उत्पादन थांबू द्यायचे नसते, म्हणून तो सहसा बिल अडवून ठेवत नाही. तिसरा गट थेट घरापर्यंत पोहोचणारा आहे: सुप्रीम इंडस्ट्रीज, फिनोलेक्स, ॲस्ट्रल यांचे पाइप, सेराची स्वच्छतागृहातील भांडी, हिंदुस्थान युनिलिव्हरचा साबण, एफडीसी या मुंबईच्या कंपनीची इलेक्ट्रल ही क्षारसंजीवनी. येथे पैसे दुकानदार आणि वितरक देतात, त्यामुळे येणी, म्हणजे ग्राहकांकडून यायचे बाकी पैसे, लवकर वसूल होतात; पण या कंपन्यांचे भवितव्य केवळ स्वच्छतेवर अवलंबून नसते. पाइप कंपनीचा नफा घरबांधणी, शेती आणि पीव्हीसी राळ या पाइपच्या कच्च्या मालाचा भाव यांवर हलतो आणि हिंदुस्थान युनिलिव्हर घेणाऱ्याने आपण सार्वजनिक आरोग्यात गुंतवणूक केली असे समजणे फारसे बरोबर नाही.

ज्या कामाबद्दल आपल्याला सर्वाधिक आदर वाटतो, त्यात पैसे गुंतवण्याचा मार्ग नेहमीच उपलब्ध असतो असेही नाही. पुण्यातील कचरावेचकांची स्वच्छ ही सहकारी संस्था दारोदार जाऊन कचरा गोळा करते आणि शहराचा मोठा खर्च वाचवते, पण तिचे समभाग बाजारात नाहीत आणि ते असावेत अशी अपेक्षाही चुकीची आहे. सीरम इन्स्टिट्यूटसारखी लस बनवणारी मोठी संस्थाही सूचिबद्ध नाही. अशा वेळी केवळ नाव जवळचे वाटते म्हणून दुसरीच एखादी कंपनी घेण्याची घाई करू नये.

येणी कशी वाचावीत

महापालिका ग्राहक असलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल हाती घेतला की अध्यक्षांचे मनोगत व छायाचित्रे ओलांडून थेट ताळेबंदातील व्यापारी येण्यांच्या टिपेवर जावे. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात मार्च २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे प्रत्येक कंपनीला येण्यांचे वयोमान द्यावे लागते: सहा महिन्यांपर्यंतची, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन वर्षे, दोन ते तीन वर्षे आणि तीन वर्षांपेक्षा जुनी, शिवाय त्यांपैकी वादग्रस्त किती व निर्विवाद किती. सामान्य गुंतवणूकदाराला पूर्वी ही माहिती इतक्या सोप्या रूपात मिळत नव्हती. तीन वर्षांपेक्षा जुनी येणी एकूण येण्यांच्या किती टक्के आहेत आणि हा वाटा दर वर्षी वाढतो आहे की घटतो आहे, एवढे काढले तरी कंपनीच्या ग्राहकांचा स्वभाव कळतो.

यानंतर ज्या ओळीकडे अनेकांचे दुर्लक्ष होते, ती म्हणजे करार मालमत्ता किंवा बिल न केलेला महसूल. कंपनीने काम केले, हिशेबाच्या नियमाप्रमाणे त्याचा महसूल नोंदवला, पण अभियंत्याने मोजमाप प्रमाणित केले नाही म्हणून बिलच निघाले नाही, अशी रक्कम येण्यांत न दिसता येथे दिसते. काम पूर्ण होऊन दोषदायित्वाचा काळ, म्हणजे कामातील दोष कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपेपर्यंत ग्राहकाने रोखून धरलेली रक्कमही तपासावी. समजा एका कंपनीची वार्षिक विक्री १,००० कोटी रुपये आहे, व्यापारी येणी ३५० कोटी आणि करार मालमत्ता २५० कोटी आहे. केवळ येणी धरली तर वसुलीचा काळ सुमारे १२८ दिवस निघतो, पण दोन्ही मिळवून विक्रीने भागले आणि ३६५ ने गुणले तर तो २१९ दिवसांवर जातो, म्हणजे सात महिन्यांहून अधिक काळ कंपनीचे पैसे ग्राहकाकडे अडकलेले असतात. तेवढा काळ पगार, सिमेंट, पंप आणि उपकंत्राटदार यांचा खर्च कंपनी बँकेच्या कर्जातून भागवते आणि त्यावरील व्याज भागधारकाच्या खिशातून जाते. ही आकडेमोड एका वर्षापुरती न करता किमान पाच वर्षांची करावी आणि सप्टेंबरअखेरचे आकडेही पाहावेत, कारण मार्चअखेरीस महापालिका अनुदान खर्ची टाकण्यासाठी बिले चुकती करतात आणि वर्षअखेरचा आकडा त्यामुळे बरा दिसू शकतो.

याच कामाला जोडून पाच वर्षांचा निव्वळ नफा आणि त्याच पाच वर्षांतील व्यवसायातून आलेली रोख यांची बेरीज समोरासमोर ठेवावी. नफा ४०० कोटी आणि रोख ६० कोटी असेल, तर नफ्याचा बहुतांश भाग अजून कागदावरच आहे. वेगाने वाढणाऱ्या कंपनीत काही प्रमाणात असे होणे स्वाभाविक आहे, हे खरे. पण विक्रीची वाढ मंदावलेल्या वर्षीही रोख आली नाही, तर वाढीचे कारण मान्य करू नये. माझ्या मते या क्षेत्रातील गुंतवणूकदाराने किंमत आणि उत्पन्न यांच्या गुणोत्तरापेक्षा या दोन बेरजांवर अधिक वेळ घालवावा.

इक्रा, क्रिसिल, केअर, इंडिया रेटिंग्ज या पतमानांकन संस्था आपल्या मानांकनामागची कारणे संकेतस्थळांवर विनामूल्य देतात. त्या टिपणांत कोणत्या राज्याकडून पैसे अडकले आहेत, बँकेची कर्जमर्यादा किती वापरली जाते, कामगिरीपोटी दिलेल्या बँक हमी किती आहेत, हे दलालांच्या शिफारशीपेक्षा अधिक स्पष्टपणे लिहिलेले असते. शक्य असेल तर पैसे देणाऱ्या महापालिकेचा अर्थसंकल्पही पाहावा. मालमत्ता कर व पाणीपट्टी यांतून स्वतःचे उत्पन्न किती आणि राज्य व केंद्राच्या अनुदानावर अवलंबून असलेला हिस्सा किती, यावरून तिची पैसे देण्याची क्षमता समजते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात दहा लाखांहून कमी वस्तीच्या शहरांच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिली होती. लहान शहरांतील कंत्राटे अशाच पैशांवर चालतात, म्हणून अनुदानाचा काळ संपताना पुढची सोय काय आहे, हे विचारणे आवश्यक ठरते.

ऑर्डर बुकचा अर्थ

हातातील कामांचा आकडा मोठा दिसला की समभागाचा भाव वर जातो. पण त्या आकड्यात केवळ सर्वांत कमी दराची निविदा ठरलेली, अजून कार्यादेश न मिळालेली कामे मोजली आहेत का, हे पाहावे. कार्यादेश मिळाल्यावरही वेळ जातो. पुण्यातील मुळा-मुठा नदी प्रदूषण नियंत्रण प्रकल्पासाठी जपानच्या जायका संस्थेशी कर्जाचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला, त्यात एकूण ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची ११ केंद्रे बांधायची होती, आणि कामाचा आरंभ व्हायला २०२२ उजाडले. निधी आहे, कर्ज मंजूर आहे, नदीचे दुखणे सर्वांना दिसते आहे, तरीही जागा, निविदा आणि दर यांत सहा वर्षे गेली. परदेशातील कामांची अनिश्चितता वेगळी असते: वाबागला सप्टेंबर २०२४ मध्ये सौदी अरेबियात समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या मोठ्या प्रकल्पाचे काम मिळाले, डिसेंबरात ती निविदा रद्द झाल्याची बातमी आली आणि भाव एकाच दिवसात जोराने कोसळला.

ऑर्डर बुकची विभागणी बांधकाम आणि चालवणे व देखभाल अशी करावी. बांधकामाचा नफा एकदाच येतो. १० ते १५ वर्षे केंद्र चालवण्याच्या करारातून येणारा पैसा लहान पण नियमित असतो, आणि वर सांगितलेली न चालणाऱ्या केंद्रांची दुरवस्था सुधारण्याचा मार्गही तोच आहे. राष्ट्रीय स्वच्छ गंगा अभियानाने आणलेल्या हायब्रिड ॲन्युइटी पद्धतीत भांडवली खर्चाच्या ४० टक्के रक्कम बांधकामाच्या काळात मिळते आणि उरलेली ६० टक्के पुढील १५ वर्षांत हप्त्याहप्त्याने, केंद्र ठरलेल्या दर्जाने चालले तरच. बांधणाऱ्यालाच चालवण्याची जबाबदारी मिळत असल्यामुळे निकृष्ट काम करून निघून जाणे त्याला परवडत नाही. ही रचना मला सार्वजनिक हिताची आणि गुंतवणूकदाराच्याही हिताची वाटते, मात्र अशा प्रकल्पासाठी कंपनी स्वतंत्र उपकंपनी काढून कर्ज घेते, म्हणून एकत्रित ताळेबंदच वाचावा. केवळ मूळ कंपनीचा वाचल्यास कर्ज दिसणार नाही.

सर्वांत चांगला ग्राहक म्हणजे ज्याला शुद्ध केलेले पाणी हवे आहे तो. नागपूरच्या भांडेवाडीतील प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जाते, आणि सुरत महापालिका पांडेसरा औद्योगिक वसाहतीला असे पाणी विकते. २०१६ च्या वीजदर धोरणानुसार प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांनी हे पाणी वापरणे बंधनकारक झाले आहे. पाण्याला गिऱ्हाईक असले की महापालिकेला महसूल मिळतो आणि केंद्र बंद पाडणे कोणाच्याच हिताचे राहत नाही. कंपनीच्या कामांत असे प्रकल्प किती आहेत, हा प्रश्न गुंतवणूकदारांच्या बैठकीच्या नोंदींत शोधावा. त्या नोंदी शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर मिळतात.

कचऱ्याच्या धंद्यात जमीन आणि न्यायालय हे आणखी दोन घटक येतात. मुंबईच्या कचऱ्याचा मोठा हिस्सा कांजूरमार्गच्या क्षेपणभूमीवर जातो आणि तो प्रकल्प अँटनीची उपकंपनी चालवते. मे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेथील सुमारे १२० हेक्टर जागेला संरक्षित वनाचा दर्जा परत दिला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. शेजारच्या वस्तीला होणारा दुर्गंधीचा त्रास आणि खाडीचे पर्यावरण हे खरे प्रश्न आहेत, त्यामुळे अशा खटल्यांना अडथळा समजून सोडून देता येत नाही. एकाच जागेवर कंपनीच्या उत्पन्नाचा किती टक्के भाग उभा आहे, ते काढून मगच भाव ठरवावा.

कामगारांचा जीव

या क्षेत्राची दुसरी कसोटी माणसांची आहे, आणि ती ताळेबंदाइतकीच काटेकोरपणे लावावी. हाताने मैला साफ करण्याच्या कामावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरीही गटारांत आणि मैल्याच्या टाक्यांत उतरून माणसे गुदमरून मरतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई ३० लाख रुपये केली. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल द्यावा लागतो आणि त्यात कर्मचारी व कामगार यांचे वर्षभरातील मृत्यू, गंभीर दुखापती आणि मिळालेले सुरक्षा प्रशिक्षण यांचे आकडे असतात. ते कंत्राटी कामगारांसह दिले आहेत का, ते पाहावे. कारण धोक्याचे काम बहुधा उपकंत्राटदाराच्या माणसाकडे असते. लहान कंपनीला हा अहवाल बंधनकारक नसतो, तेव्हा गुंतवणूकदार संबंध विभागाला ईमेल करून विचारावे: गटार आणि टाकीची सफाई यंत्राने होते का, वायूमापक आणि श्वसनयंत्रे कामाच्या जागी असतात का, कंत्राटी कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का. उत्तर न देणाऱ्या कंपनीत मी पैसे ठेवणार नाही, मग तिचा नफा कितीही वाढत असो.

तपासण्या आणि साथी

सार्वजनिक आरोग्याच्या नावाने ज्या सूचिबद्ध कंपन्या दिसतात, त्यांत रोगनिदान प्रयोगशाळा ठळक आहेत. येथे येणी हा प्रश्न लहान, कारण रुग्ण रोख देतो. धोका साथीच्या वर्षाचा आकडा नेहमीचा समजण्यात आहे. जून २०२१ मध्ये थायरोकेअरमधील ६६.१ टक्के हिस्सा १,३०० रुपये दराने, एकूण ४,५४६ कोटी रुपयांना विकला गेला. त्या वेळी कोविडच्या चाचण्यांनी सर्वच प्रयोगशाळांचे उत्पन्न फुगले होते, आणि पुढील दोन वर्षांत बाजारातील भाव त्या दराच्या निम्म्याहून खाली आला. म्हणून अशा कंपनीचा विचार करताना २०२०-२१ आणि २०२१-२२ ही वर्षे बाजूला ठेवून आधीच्या व नंतरच्या वर्षांतील वाढ मोजावी. खर्चाची लाट येते आणि ओसरते, हे सरकारी बाजूलाही लागू आहे. १९९४ च्या प्लेगनंतर सुरतेने शहर साफ केले आणि ती सवय टिकवली, पण ते उदाहरण अपवाद म्हणून सांगावे लागते. आरोग्य क्षेत्राचे म्युच्युअल फंड घेतल्यास हा धोका पसरतो खरा, पण त्यांत मुख्यतः औषध कंपन्या आणि रुग्णालये असतात, हे लक्षात ठेवावे.

महापालिकेला थेट कर्ज

समभागांची चढउतार नको असेल तर महापालिकांचे कर्जरोखे हा मार्ग आहे. त्यासाठीची सेबीची नियमावली २०१५ पासून लागू आहे. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये चोवीस तास पाणीपुरवठ्यासाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटी रुपये उभारले, गाझियाबादने २०२१ मध्ये सांडपाणी शुद्ध करून उद्योगांना देण्यासाठी १५० कोटी घेतले. हे दोन्ही रोखे मोठ्या संस्थांसाठी होते. इंदूरने फेब्रुवारी २०२३ मध्ये ८.२५ टक्के दराने २४४ कोटींचे हरित रोखे सर्वसामान्यांसाठी खुले केले. नर्मदेचे पाणी शहरापर्यंत उपसण्याचे वीजबिल कमी करणारा ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प हा त्यामागचा उद्देश होता. रोखे घेताना पतमानांकन, व्याज व मुद्दल यांसाठी कोणता कर वेगळ्या खात्यात राखून ठेवला आहे आणि मुदत किती आहे, हे माहितीपत्रकात पाहावे. दुय्यम बाजारात खरेदीदार कमी मिळतात, म्हणून मुदतीपर्यंत लागणार नाहीत असेच पैसे येथे घालावेत. व्याजावर आपल्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. समभाग वर्षभरापेक्षा जास्त ठेवल्यास १.२५ लाखांवरील नफ्यावर १२.५ टक्के आणि त्याआधी विकल्यास २० टक्के.

प्रमाण आणि पाठपुरावा

एकूण समभाग गुंतवणुकीच्या ५ ते १० टक्क्यांपेक्षा अधिक वाटा या क्षेत्राला देऊ नये आणि तो देतानाही महापालिकांवर अवलंबून असलेल्या एकाच कंपनीत सगळा घालू नये, असे माझे मत आहे. खरेदी एकदम न करता दोन-तीन निकालांमध्ये विभागावी. भारतात नफ्याचा निकाल दर तिमाहीला येतो, पण ताळेबंद आणि रोख प्रवाह सहामाहीलाच द्यावा लागतो. त्यामुळे या कंपन्यांची खरी तपासणी वर्षातून दोनदाच होऊ शकते: सप्टेंबरअखेरचे आकडे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आणि मार्चअखेरचे मेअखेरीपर्यंत येतात. त्या दोन्ही वेळी येणी अधिक करार मालमत्ता यांचे दिवस पुन्हा काढावेत, आणि विक्री फारशी न वाढता ते सलग दोन सहामाह्यांत वाढले, तर नवी खरेदी थांबवून कंपनीला कारण विचारावे.